खाडीचा वाटा

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका, मला माहीत नाही. खाडीच्या काठी एक गाव होतं आणि ते गाव मीठ पिकवायचं. भरतीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, उन्हात आटवायचं, खाली मीठ बसलं की ओढून काढायचं. सगळ्यांच्या वाफ्यांतलं मीठ एकाच राशीत पडायचं आणि त्या राशीवरच गाव जगायचं.

त्या गावात एक रीत होती. वाफ्यात मीठ बसलं की वर थोडं तेलकट, लालसर पाणी उरतं. ते आटू द्यायचं नाही. वाफ्याच्या कोपऱ्यातली मोरी उघडून ते खाडीत सोडून द्यायचं. त्याला म्हणायचे खाडीचा वाटा. का सोडायचं? आजा सोडायचा, म्हणून बाप सोडायचा. बाप सोडायचा, म्हणून पोरगा. एखाद्या पोरानं विचारलंच तर म्हणायचे, "लई शहाणा झालास काय? खाडीचं घेतो, तर थोडं खाडीला नको?" झालं उत्तर. विचारणारं पोर गप्प बसायचं, पुढं मोठं व्हायचं आणि स्वतःच्या पोराला तेच सांगायचं.

एका वर्षी मीठ बिघडलं. चव कडवट. पोत्यात भरलं की पोतं खालून पाझरायला लागायचं. लोणची नासली. ज्यानं ज्यानं ते मीठ खाल्लं, तो लोटा घेऊन तिवरांच्या झाडीकडं पळत सुटला. हसण्यासारखं होतं, पण लहान लेकरं पार गळून गेली, तेव्हा हसू बंद झालं.

पंच बसले. आपलं काही चुकलं असेल असं पंचांच्या डोक्यात येत नसतं. त्यांनी आजूबाजूला बघितलं, तर त्यांना भिवरा दिसली.

भिवरा घाटावरची बाई. त्याच वर्षी पोट भरायला खाली उतरली होती. नवरा नाही, पोर नाही, कुणाशी जास्त बोलणं नाही. मिठाच्या टोपल्या वाहायची. एवढाच तिचा गुन्हा.

"ही आली आणि मीठ नासलं," एक पंच म्हणाला.

"माझ्या मागं माझी शेळीपण आली," भिवरा म्हणाली. "तिला काय शिक्षा देताय?"

लोक हसले आणि पंच चिडले. ठरलं ते असं की पुनवेपर्यंत दुसरं कारण सापडलं तर ठीक, नाहीतर भिवरेनं गाव सोडायचं.

गावच्या मुकादमाला हिरू नावाची मुलगी होती. पोरीला आई नव्हती. तिची वेणी भिवरा घालायची, आणि वेणी घालता घालता पोरगी शंभर प्रश्न विचारायची. मीठ चौकोनीच का बसतं? ढग आले की का बसत नाही? भिवरा म्हणायची, "मला ठाऊक नाही बाई, पण विचारत जा. कुणाला तरी ठाऊक असेल."

भिवरा जाणार म्हटल्यावर हिरूनं ठरवलं, खरं कारण आपणच शोधायचं. खाडीपलीकडच्या नगरात मोठमोठे जाणते राहतात हे तिनं ऐकलं होतं. राशीतलं थोडं मीठ फडक्यात बांधलं आणि गेली नावेत बसून. बापाला विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं जाऊ दिलं नसतं.

आधी ती गेली वैद्यीणबाईकडं. ही बाई खलात काहीतरी कुटत बसली होती. हिरूनं सगळं सांगितलं आणि विचारलं, "बाई, नजर लागून पोट बिघडतं का हो?"

"नजरेनं बिघडलं असतं तर मी हे कुटत कशाला बसले असते? डोळे मिटायला सांगितलं असतं सगळ्यांना." बाईनं मिठाचा खडा जिभेवर ठेवला आणि लगेच थुंकला. "यात जुलाबाचं काहीतरी आहे. काय आहे ते मला सांगता यायचं नाही. मी पोटाची जाणती, मिठाची नाही. नदीकडच्या शेवटच्या घरात क्षारांचा जाणता राहतो, त्याच्याकडं जा. तिरसट आहे म्हातारा, पण जे माहीत नाही ते माहीत आहे म्हणून सांगत नाही."

हिरू गेली. म्हातारा दाढी खाजवत चुलीवरच्या मडक्यात डोकावत होता.

"आजोबा, आमचं मीठ..."

"बस. बोलू नकोस." त्यानं खडा चाखला, उजेडात धरला, ओल्या बोटांनी चोळला. "हे मीठ एकटं नाही. यात कडू क्षार आहे. आता विचारतो त्याचं सरळ उत्तर दे. समुद्राच्या पाण्यात दोघं एकत्र असतात. मीठ आधी खाली बसतं. कडू क्षार हट्टी, तो शेवटच्या पाण्यात दडून राहतो. तुमच्याकडं ते शेवटचं पाणी सोडून देतात की नाही?"

हिरूला घरच्या मोऱ्या आठवल्या.

झालं होतं असं, की गावात दर वर्षी ज्याच्या वाफ्यातनं जास्त मीठ निघेल त्याला वाजतगाजत मिरवायचे. मुकादमाला एकदाही तो मान मिळाला नव्हता. यंदा त्यानं डोकं चालवलं. म्हणाला, "खाडीला कसला वाटा? खाडीला काय तोंड आहे? तेही पाणी आटवू, तेवढं मीठ जास्त." माणूस बिनडोक नव्हता. रीत का आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून त्याला ती वेडेपणाची वाटली. पण गावाला सांगितलं असतं तर सगळ्यांनीच तसं केलं असतं, मग मान कुठला? म्हणून त्यानं गुपचूप हिरूला मोऱ्यांत चिखलाचे बोळे मारायला लावले. "कुणाला बोलायचं नाही," म्हणाला. बापाचे वाफे काही थोडे नव्हते. यंदा त्याची मिरवणूक निघाली, आणि त्याचं मीठ सगळ्या राशीत मिसळलं.

हे सगळं पोरीच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. आणि तिच्या तोंडातनं गेलं, "सोडतात."

"सगळे?"

"सगळे."

"नक्की?"

हिरूनं मान हलवली.

"तोंडानं बोल. मान हलवून क्षार कळत नाहीत."

"नक्की."

म्हातारा विचारात पडला. "मग वाफ्यात हा क्षार राहायला नको. पाणी सुटतंय आणि तरी क्षार आहे, म्हणजे बाहेरनं आलाय. कुणीतरी आणून घातलाय राशीत. यंदा गावात नवीन कोण आलंय?"

हिरू मीठ परत फडक्यात बांधायला लागली.

"जा, पंचांना सांग माझं नाव घेऊन. नवीन माणूस बघा म्हणावं."

हिरू धक्क्यावर आली. नाववाला म्हणाला, "काय गं, मिळालं का उत्तर?"

"मिळालं," ती म्हणाली, आणि रडायला लागली. आली होती भिवरेला वाचवायला आणि निघाली होती तिला घालवायचा निकाल घेऊन. बरं, म्हाताऱ्याची चूक म्हणावी तर तीही नाही. त्याला जे दिलं त्याचंच त्यानं उत्तर काढलं.

इकडं बाप, तिकडं भिवरा. बाप म्हणजे रागीट असला तरी जन्म दिलेला, तापात रात्रभर उशाशी बसलेला. त्याची गावात छी थू करायची? तुम्ही म्हणाल, यात काय अवघड, खरं सांगून टाकावं. दुसऱ्याच्या बापाबद्दल असं म्हणणं फार सोपं असतं.

नाव सुटायच्या बेतात आली. नाववाल्यानं हाक मारली. हिरू मागं वळली आणि पळत सुटली.

म्हातारा अजून तिथंच होता. "आजोबा, मी खोटं बोलले."

"कुठलं?"

"शेवटचं पाणी सगळे सोडत नाहीत. आमच्या वाफ्यांतलं सुटलं नाही. बोळे मीच मारले."

म्हाताऱ्यानं पळी खाली ठेवली. पोरगी आता मार बसेल म्हणून अंग चोरून उभी. तो म्हणाला, "म्हणजे मीही खोटं बोललो. तुझं खोटं माझ्या तोंडातनं बाहेर पडलं, आणि माझं तोंड मोठं, म्हणून ते जास्त लांब गेलं असतं. कुणाला झाकत होतीस?"

"बाबांना."

"झाकावंसं वाटणारच. पण एक ध्यानात ठेव पोरी. मी कुणाला वाचवत नाही की कुणाला बुडवत नाही, मी क्षार बघतो. मला अर्धं सांगितलंस तर मी आंधळ्यासारखा काठी फिरवणार, आणि ती कुणाच्या डोक्यात बसेल याचा भरवसा नाही. आता बस आणि बघ."

त्यानं समुद्राच्या पाण्याचं मडकं चुलीवर ठेवलं. पाणी आटत आलं, तळाशी पांढरे दाणे बसले. वरचं थोडं पाणी त्यानं दुसऱ्या मडक्यात ओतलं. दाणे चाखायला दिले, चांगलं खारट मीठ. मग ते वेगळं काढलेलं पाणी पुरतं आटवलं. खाली पांढरा थर राहिला. हिरूनं तो जिभेला लावला आणि तिचं तोंड कडूजहर झालं.

"हाच!" ती ओरडली.

"हाच. आणि हा हवेतलं पाणीसुद्धा ओढून घेतो, म्हणून तुमची पोती पाझरतात."

"मग आता रास टाकून द्यायची?"

"का टाकता? आणखी मीठ विरघळणारच नाही असं दाट मिठाचं पाणी करा आणि त्यानं रास धुवा. मीठ राहील, कडू क्षार निघून जाईल. विचारलंस हे बरं केलंस."

पुनवेला पंच राशीपाशी बसले होते. भिवरा गाठोडं आणि शेळी घेऊन उभी होती. हिरू पुढं झाली.

"मीठ आमच्यामुळं नासलं. आमच्या वाफ्यांच्या मोऱ्या बंद आहेत. बोळे मी मारलेत."

"पोरीला ऊन लागलंय!" मुकादम ओरडला. "घरी हो!"

हिरू घरी गेली नाही. तिनं बापाच्या वाफ्यातलं लालसर पाणी आणलं, तीन दगड मांडून सगळ्यांसमोर आटवलं आणि राहिलेला थर पंचांपुढं धरला. पंचांनी चाखला आणि थू थू करत उठले.

"बाबा, तुम्ही चाखा."

मुकादमानं मोठी चिमूट उचलून तोंडात टाकली. चेहरा हलू दिला नाही. "मीठ आहे. चांगलं मीठ आहे." आणि खरं वाटावं म्हणून आणखी एक तळहातभर खाल्लं. हट्टी माणूस! पंचांचं बोलणं चालू असतानाच त्याच्या कपाळावर घाम आला. थोड्या वेळानं तो पोट धरून उठला आणि तिवरांकडं असा धावला, की पागोटं वाटेतच राहिलं. सारं गाव खो खो हसलं.

हिरू मात्र हसली नाही. ती पागोटं उचलून झाडीच्या अलीकडं थांबली.

बऱ्याच वेळानं मुकादम आला. पोरीच्या हातातनं पागोटं घेतलं, पण डोक्याला बांधलं नाही. तसाच पंचांपुढं गेला. "मोऱ्या मी बंद करायला लावल्या. पोरीला बोल लावू नका. तिनं माझं ऐकलं, एवढंच." मग भिवरेकडं वळला आणि त्यानं हात जोडले.

"राहू दे," भिवरा म्हणाली. "आधी पाणी पी. पोट रिकामं झालंय."

पंच म्हणाले, "बाई, तू राहा गावात."

"ते मी ठरवीन," ती म्हणाली. राहिली ती, पण पंचांसाठी नाही.

रास धुतली. थोडं मीठ वाया गेलं, बाकीचं वाचलं. मुकादमानं आपल्या सगळ्या मोऱ्या आपल्या हातानं मोकळ्या केल्या. पोरीशी तो किती तरी दिवस बोलला नाही. ताट वाढून घ्यायचा, जेवायचा, उठायचा. हिरूला वाटलं, भिवरा राहिली पण बाप गेला.

मग एका सकाळी दोघं बांधावर चिखल थापत होते. मुकादम खाली बघतच म्हणाला, "ए, तुझ्या त्या म्हाताऱ्याला एक विचारशील?"

"काय?"

"उधाण पुनवेला न् अवसेलाच का येतं? लहानपणी मी बापाला विचारलं होतं. थोबाडीत बसली होती."

हिरूनं चिखलाचे हात पदराला पुसले. "बाबा, तुम्हीच चला की विचारायला."

मुकादमानं थापी ठेवली. "नाव केव्हा सुटते?"

तात्पर्य काय ते सांगतो, म्हणजे उगीच डोकं खाजवायला नको: जाणत्याला विचारायला जावं, पण आपल्या अंगावर येणारं आधी सांगावं. जे झाकून ठेवाल, त्याची शिक्षा दुसऱ्या कुणाला तरी होते.