पंजाएवढा डोंगर

त्या दिवशी ऊन असं पडलं होतं की गावातली कुत्री भुंकायची ती सावलीत पडूनच भुंकत होती. वारा नावाला नव्हता. कातळ तव्यासारखा तापलेला. शहाणी माणसं भाकरी खाऊन आडवी झाली होती, आणि नेमक्या त्याच वेळी एक माणूस डोंगर चढायला निघाला होता.

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं, आणि प्रत्येक गावात असतो तसा त्या गावातही एक भोळा माणूस होता. त्याचं नाव लहानू. अंगानं चांगला उंचापुरा, पण नाव लहानू. घरात तो, त्याची आई आणि मोरी नावाची म्हैस. तिघांत मोरी जरा समंजस.

तर ही मोरी डोंगरमाथ्यावर चरायला गेली ती परत आलीच नाही. गाभण होती, दिवस भरत आले होते. मायलेकांचं सगळं तिच्या दुधावर चालायचं. ती वरच व्याली तर रेडकू कोल्ही ओढून नेतील, या काळजीनं आईच्या तोंडाला घास लागत नव्हता.

"मोरीला घेऊन ये बाबा," आई म्हणाली. "पर ऊन उतरू दे. आन् पाण्याचा भोपळा ने संगं."

लहानू दारात उभा राहिला. त्यानं एक डोळा मिटला आणि हाताचा पंजा पुढं धरला. सगळा डोंगर पंजाआड गेला.

"एवढाच तर हाय, आये," तो म्हणाला. "एका हातानं झाकतोय."

एवढ्याशा डोंगराला पाणी कशाला न्यायचं? त्यानं भोपळा परत खुंटीला अडकवला आणि निघाला.

अर्ध्या वाटेवर त्याची जीभ टाळूला चिकटली. कातळावर पाय ठरेनात, म्हणून तो थोडा वेळ नाचला. मग नाचायचंही त्राण उरलं नाही, तेव्हा तो आडवा झाला. मोळीवाल्या बायका त्या वाटेनं उतरत होत्या. त्यांनी त्याला मोळीसारखाच उचलून घरी आणून टाकला.

शेजारी हैबतीतात्या राहायचे. सगळा जन्म डोंगरात गुरं राखण्यात गेलेला. आता गुडघे धरले होते म्हणून कुंपणापाशी बसून दोरखंड वळायचे. ते लहानूजवळ आले, त्याच्या तोंडात पाणी सोडलं आणि सावकाश म्हणाले, "लहानू, डोंगरात जाताना पोटभर पाणी प्यावं. डोक्याला ओलं फडकं गुंडाळावं. आन् जीव घाबरला की झाडाखाली बसावं, हलू नये."

"बरं, तात्या," लहानू म्हणाला. "आता चुकायचा न्हाई."

अंगातली कसर गेल्यावर तो पुन्हा निघाला. त्या दिवशी वळवाचं आभाळ भरून आलं होतं. लहानूनं तांब्यावर तांब्या रिचवला, डोक्याला ओलं फडकं गुंडाळलं. वर पोचतो न पोचतो तोच आभाळ कडाडलं. लहानूचा जीव घाबरला. जीव घाबरला की काय करायचं, ते त्याला पाठ होतं. सगळ्या माळावर एकच झाड होतं, उंच आणि वठलेलं. तो त्याच्या बुंध्याला टेकून बसला आणि हलला नाही. पावसाच्या सरीत बसून, डोक्यावरचं फडकं सुकलं तर नाही ना, हेही त्यानं मधून मधून चाचपून पाहिलं.

वीज शेंड्यावर पडली. झाड उभं चिरलं. लहानू फेकला गेला म्हणून वाचला, पण भुवया गेल्या. भुवयांशिवाय तो कायम कसल्या तरी नवलात असल्यासारखा दिसायला लागला.

"तात्या, मी हललो न्हाई," त्यानं घरी आल्या आल्या सांगितलं.

तात्यांनी दोरखंड खाली ठेवला. "अरं, ते उन्हाचं होतं. गडगडाट ऐकला की झाड सोडावं. खोलगट जागा बघून उकिडवं बसावं. जवळचं लोखंड लांब टाकावं. आन् गडगड थांबंस्तवर उठू नये."

"बरं, तात्या. आता चुकायचा न्हाई."

"मोरी दिसली का रं?" आईनं विचारलं.

"दिसली असती आये, पर मी झाडाला टेकून बसलो हुतो."

तिसऱ्या खेपेला वर डोंगरात पाऊस पडत होता. खाली गावात नुसती ढगांची सावली होती, त्यामुळं लहानूला वाटलं, आज काही भ्यायचं कारण नाही. कोयता कमरेला लावून तो कोरड्या ओढ्यातून वर चालू लागला. चालता चालता गडगड ऐकू आली. वरून पाण्याचा लोंढा धोंडे लोळवत येत होता. लहानूनं आजूबाजूला पाहिलं. दोन्ही बाजूला उंच दरड आणि मधे ओढा, म्हणजे चांगली खोलगट जागा. त्यानं कोयता लांब भिरकावला आणि ओढ्याच्या मधोमध उकिडवा बसला.

लोंढ्यानं त्याला डोंगरावरून गावापर्यंत आणला. तेवढी चाल वाचली. करवंदीच्या जाळीत अडकला होता, तिथून गावकऱ्यांनी सोडवला.

आईनं आधी त्याला पोटाशी धरलं, मग विचारलं, "कोयता कुठाय?"

"तात्यांनी टाकाया सांगितला."

तात्या बराच वेळ त्याच्या अंगातले काटे काढत राहिले. मग म्हणाले, "लहानू, पाणी आलं की उंच चढायचं. मिळंल ते घट्ट धरायचं. आन् पाणी उतरंस्तवर धरलेलं सोडायचं न्हाई, काय वाट्टेल ते होवो."

"बरं, तात्या. आता चुकायचा न्हाई."

"तू आता जाऊच नको, बाबा," आई म्हणाली. पण म्हणताना तिची नजर रिकाम्या दावणीकडं गेली, आणि लहानूनं ती पाहिली. भोळा असला तरी आईचा होता.

पुढच्या खेपेला तो पहाटेच निघाला. यावेळी ऊन नाही, वीज नाही, ओढाही उतरलेला. लहानू माथ्यावर पोचला तेव्हा उजाडलं होतं, गार वारा सुटला होता, आणि समोर मोरी उभी होती. पायाशी रेडकू होतं. ओलं, काळं, नुकतंच उभं राहायला शिकलेलं.

लहानू हाक मारणार, इतक्यात त्यानं मागं वळून खाली पाहिलं. खाली गाव नव्हतं. ओढा नव्हता, वाट नव्हती. सगळी दरी पांढऱ्या धुक्यानं काठोकाठ भरली होती आणि त्याच्या लाटा वर वर येत होत्या.

"पाणी," लहानू म्हणाला.

तो धावत सगळ्यात उंच सुळक्यावर चढला आणि सुळका मिठीत धरला. मग तिथून ओरडला, "मोरे, वर ये. पाणी आलंय. लेकराला घेऊन ये."

मोरीनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. मग रेडकाला नाकानं पुढं ढकललं आणि घरच्या वाटेला लागली. लहानूच्या डोळ्यांदेखत रेडकू त्या पांढऱ्यात शिरलं. मग मोरीचे पाय बुडाले, पोट बुडालं, पाठ बुडाली. शेवटी दोन शिंगं दिसत होती. मग तीही गेली.

लहानू ओक्साबोक्शी रडला. पण हात सोडला नाही.

धुकं वर चढत गुडघ्याला लागलं, छातीला लागलं. गळ्याशी आलं तेव्हा त्यानं श्वास कोंडला. कोंडून कोंडून किती कोंडणार? शेवटी घेतला. पाण्यात श्वास घेता येतो, हे त्याला नव्यानंच कळलं. मग त्यानं एका हातानं सुळका धरून दुसरा पंजा डोळ्यांपुढं आणला. पंजा दिसेना. पहिल्या दिवशी पंजानं डोंगर झाकला होता, आज डोंगरानं पंजा झाकला.

म्हैस घरी आली आणि लहानू आला नाही, तेव्हा तात्या दुखरे गुडघे घेऊन डोंगर चढले. लहानू निळा पडला होता. तात्यांनी त्याचं एकेक बोट सुळक्यावरून सोडवलं, स्वतःची घोंगडी त्याच्याभोवती गुंडाळली.

"मोरी बुडाली, तात्या. मी डोळ्यांनी बघितली."

"धुकं हाय ते. मोरी घरी हाय."

"न्हाई. शिंगासकट बुडाली. मी बघितली."

तात्या थकले होते, नाहीतर नीट सांगितलं असतं. ते एवढंच म्हणाले, "डोळ्यांचं ऐकू नको. जे दिसतं ते नसतं. येवढं ध्यानात ठेव आन् चल."

"बरं, तात्या. आता चुकायचा न्हाई."

खाली आले तेव्हा धुकं निवळून स्वच्छ ऊन पडलं होतं. तात्या आपल्या कुंपणापाशी गुडघे चोळत बसले. लहानू अंगणात आला. गोठ्याच्या दारात मोरी उभी होती. रेडकू आचळाला ढुशा देत होतं.

लहानू दोघांकडं नीट पाहत राहिला. मोरी दिसत होती. म्हणजे नव्हती. त्याचे डोळे पुन्हा भरून आले.

आईनं त्याला चुलीजवळ बसवलं, हातपाय शेकले आणि ताटलीत खरवस दिला. लहानूनं तो रडत रडत खाल्ला. तात्यांनी डोळ्यांचं सांगितलं होतं, जिभेचं काही सांगितलं नव्हतं.

"कुणाच्या म्हशीचा चीक, आये?"

"आरं, आपल्या मोरीचा. ऊठ, तिला पाणी दाव."

आईला अजून कळलेलं नाही, लहानूच्या मनात आलं. बिचारीला कोण सांगणार? मोरीला शोधून आणल्याशिवाय तिला तोंड दाखवण्यात अर्थ नव्हता. तो गुपचूप उठला. काठी घेतली, दावं खांद्यावर टाकलं. वाटेत मोरी उभी होती, तिला वळसा घातला. रेडकू आडवं आलं, त्याला ओलांडलं. डोंगरामागं आभाळ पुन्हा काळं होत होतं.

"आता कुठं?" कुंपणावरून तात्यांनी विचारलं.

"मोरीला शोधाया."

"ती काय तुझ्या मागं उभी हाय."

लहानूनं मागं वळून पाहिलं. मोरी शांतपणे रवंथ करत होती.

"दिसतीया खरी," तो समजुतीनं म्हणाला. "पर तुमीच सांगितलंत ना, तात्या."

तात्यांनी लहानूकडं पाहिलं, मग काळ्या आभाळाकडं, मग आपल्या गुडघ्यांकडं.

"जायचंच असंल तर जा, बाबा," ते शेवटी म्हणाले. "पर मोरीला संगं ने. घरची वाट तिला ठावी हाय."