दिवसा रिकामं होणारं गाव

अमेरिकेत सफरचंदांच्या बागांमधून आगगाडी जायची. तिच्या वाटेवर केटलब्रुक नावाचं गाव होतं. गाव कसलं, चार घरं आणि गाडी थांबायला एक लाकडी फलाट. तिथे एव्हरेट नावाचा तरुण कारकून आला. नोकरी मोठ्या शहरात, पण शहरातलं भाडं परवडेना. म्हाताऱ्या आमोसने आपल्या बागेचा एक तुकडा त्याला स्वस्तात दिला. म्हणाला, "जागा लहान आहे, पण घराला पुरेल. आम्हालाही शेजार होईल."

एव्हरेटमागोमाग आणखी लोक आले. शाळा झाली, चर्च झालं, दुकानं झाली. सकाळच्या गाडीने सगळे पुरुष शहरात जात आणि दिवेलागणीला परत येत. दिवसभर गावात उरायची बायकामुलं, कुत्री आणि रूडी. रूडी मोटारी दुरुस्त करायचा. आग विझवायचा गावचा बंबही तोच सांभाळायचा, एक पैसा न घेता.

गाव वाढलं, तशी गावाची ऐटही वाढली. एव्हरेट आता साहेब झाला होता. एके वर्षी गावसभेत ठराव आला, की यापुढे एक एकराहून लहान जागेवर घर बांधायचं नाही. कारण दिलं गावाच्या शोभेचं. रूडीची भाड्याची खोली पाडली जाणार होती, आणि बायकोमुलांसाठी लहानसा तुकडा घ्यायचं त्याने ठरवलं होतं. एकरभर जमीन घेणं त्याला या जन्मी जमलं नसतं.

सभेआधी रूडी एव्हरेटला दारातच भेटला. "साहेब, तुमचंही घर लहान जागेवरच आहे. तुम्ही दोन शब्द बोललात तर लोक ऐकतील."

एव्हरेटने मान डोलावली. पण आत बडे शेजारी बसलेले दिसले आणि त्याचा विचार फिरला. आपण कुठून आलो हे त्यांना कशाला कळायला हवं? तो मूग गिळून बसला. मत घेताना सगळ्यांबरोबर त्यानेही हात वर केला. मागे बसलेल्या रूडीकडे मात्र त्याला बघवलं नाही.

रूडी पलीकडच्या गावात राहायला गेला. बंब चालवायला साहेबलोकांनी हौसेने आपली नावं नोंदवली. दिवसा आग लागली तर हे साहेबलोक कुठे असतील, हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात, भर दुपारी एव्हरेटच्याच घराने पेट घेतला. संध्याकाळी गाडीतून उतरून तो धावत आला, तेव्हा वरचा मजला जळून गेला होता. बायको शेजारणीच्या पायरीवर बसली होती, दोन्ही हात भाजलेले. अंगणात रूडी पाण्याची नळी गुंडाळत होता. शेजारणीने फोन करून त्याला बोलावलं होतं, आणि त्यानेच एव्हरेटच्या बायकोला खांद्यावर टाकून बाहेर काढलं होतं.

एव्हरेट आभार मानायला पुढे झाला. पण त्याआधी रूडीच ओशाळून म्हणाला, "माफ करा साहेब, जरा उशीर झाला. पूर्वी इथेच असायचो. आता लांबून यावं लागतं."

त्यात टोमणा नव्हता. असता, तर एव्हरेटला जरा हलकं वाटलं असतं. तो मान खाली घालून उभा राहिला. समोर बायकोचे भाजलेले हात होते, आणि उशीर कोणामुळे झाला हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

तात्पर्य: आपल्याला ज्यांनी सामावून घेतलं, त्यांच्यासारखं दुसऱ्याला सामावून घ्यायची वेळ आली की गप्प बसू नये. त्या गप्प बसण्याची लाज जन्मभर पुरते.