झुपीचा केक आणि एवढासा कण

चिंचेच्या झाडावर एक खार होती. इवलीशी खार. शेपटी झुपकेदार, म्हणून नाव झुपी.

झुपीला चिंच चालायची. पेरू चालायचा. शेंगदाणा चालायचा. गहू मात्र चालायचा नाही. मैदा चालायचा नाही. बिस्किट चालायचं नाही. एवढासा कण पोटात गेला, की पोट फुगायचं. ढुम्म! मग तीन दिवस उडी नाही. तीन दिवस खेळ नाही.

आज झुपीचा वाढदिवस. आईनं सकाळीच केक केला. नाचणीचा केक. तपकिरी, गोल, मऊ मऊ.

तेवढ्यात आत्या आली. केक बघून म्हणाली, "अगं बाई, अगदीच ओकाबोका दिसतोय. थांब, सजवते."

आणि आत्यानं काय केलं? बिस्किटाचा पुडा काढला. चुरा केला. केकवर टाकला.

भुर भुर भुर.

झालं. झुपीचा केक गेला.

झुपी केकपासून मागे सरली. आत्या म्हणाली, "वरचा काढ, खालचा खा. एवढासा कण. त्यानं काय होतंय?"

"माझं पोट होतंय ढुम्म," झुपी म्हणाली.

आईनं पिठाचं मडकं उलटं केलं. ठक ठक. नाचणी संपली होती.

"मग मी बेकरी शोधते," झुपी म्हणाली. आणि निघाली.

तुरुतुरु, तुरुतुरु.

पहिली बेकरी कोंबडीकाकूंची.

"काकू, काकू, गव्हाशिवाय केक आहे?"

"कुक कुक. आमच्याकडे सगळा मैदाच. चाखून तर बघ. एवढासा कण. त्यानं काय होतंय?"

"माझं पोट होतंय ढुम्म."

झुपी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

दुसरी बेकरी बांबूच्या बेटामागे. साळूमावशीची. साळूमावशी म्हणजे साळिंदर. पाठीवर काटेच काटे. चालली की वाजायचे. सळ सळ सळ.

"मावशी, मावशी, गव्हाशिवाय केक आहे?"

साळूमावशी 'त्यानं काय होतंय' म्हणाली नाही. ती म्हणाली, "बस. तुला काय चालतं ते सांग."

झुपीनं सांगितलं. मावशीनं ऐकलं. शेवटपर्यंत ऐकलं.

मग म्हणाली, "नाचणी आहे. वेगळ्या मडक्यात, झाकून ठेवलेली. गूळ आहे. केळी आहेत. पण हा डबा बघ. यात सकाळी मैद्याचा केक केला. आत कण चिकटलेत. कण निघाल्याशिवाय मी केक करणार नाही. घरात पाणी नाही. डबा ओढ्यावर ने. धुऊन आण."

मावशी 'नाही' म्हणाली. तरी झुपी खूश झाली. असं 'नाही' तिला आजवर कोणी म्हटलंच नव्हतं.

झुपीनं डबा आडवा केला. ढकलत निघाली.

गडगड गडगड. तुरुतुरु, तुरुतुरु.

ओढ्यात पाणी नव्हतं. नुसते गोटे.

"ओढेदादा, ओढेदादा, डबा धुऊन दे.
कण काही निघेना,
मावशी केक करीना,
झुपीला केक मिळेना."

ओढा म्हणाला, "एवढासा कण. त्यानं काय होतंय?"

"माझं पोट होतंय ढुम्म."

"अरेरे. मग धुतो. पण वरती ओंडका आडवा पडलाय. पाणी पुढे येत नाही. म्हैसआक्काला सांग, ओंडका ओढ."

झुपी निघाली. गडगड गडगड. तुरुतुरु, तुरुतुरु.

म्हैसआक्का बसली होती. मान खाली, डोळे मिटलेले.

"म्हैसआक्का, म्हैसआक्का, ओंडका ओढ.
ओढा डबा धुईना,
कण काही निघेना,
मावशी केक करीना,
झुपीला केक मिळेना."

म्हैसआक्का म्हणाली, "आँऽऽ. एवढासा कण. त्यानं काय होतंय?"

"माझं पोट होतंय ढुम्म."

"अरेरे. मग ओढते. पण माझ्या कानात गोचीड बसलीय. चावते, चावते, सारखी चावते. मान वर करवत नाही. बगळेभाऊला सांग, गोचीड काढ."

झुपी निघाली. गडगड गडगड. तुरुतुरु, तुरुतुरु.

बगळेभाऊ गवतात एका पायावर उभा होता.

"बगळेभाऊ, बगळेभाऊ, गोचीड काढ.
म्हैस ओंडका ओढीना,
ओढा डबा धुईना,
कण काही निघेना,
मावशी केक करीना,
झुपीला केक मिळेना."

बगळेभाऊ म्हणाला, "एवढासा कण. त्यानं काय होतंय?"

"माझं पोट होतंय ढुम्म."

"अरेरे. मग काढतो. पण माझा दुसरा पाय बघ. पतंगाचा दोरा गुंडाळलाय. सगळ्यांना वाटतं मी ध्यान करतोय. ध्यान कसलं गं, पाय अडकलाय. खेकडेआजोबांना सांग, दोरा कापा."

झुपी निघाली. गडगड गडगड. तुरुतुरु, तुरुतुरु.

खेकडेआजोबा बिळाच्या तोंडाशी बसले होते. ऊन खात. नांग्या वाजवत. कट कट, कट कट.

"खेकडेआजोबा, खेकडेआजोबा, दोरा कापा.
बगळा गोचीड काढीना,
म्हैस ओंडका ओढीना,
ओढा डबा धुईना,
कण काही निघेना,
मावशी केक करीना,
झुपीला केक मिळेना."

खेकडेआजोबा म्हणाले, "एवढासा कण. त्यानं काय होतंय?"

"माझं पोट होतंय ढुम्म."

आजोबा 'अरेरे' म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "हॅ. आमच्या वेळी नव्हती असली पोटं. आमच्या वेळी पोटं दुखायचीच नाहीत."

"दुखायची, आजोबा," झुपी म्हणाली. "कोणी विचारायचं नाही."

"फार बोलतेस. उद्या ये. बघू."

"वाढदिवस आज आहे."

पण आजोबा बिळात गेले. सुळ्ळकन.

झुपी उभी राहिली. शेजारी डबा. ऊन उतरायला लागलं होतं. संध्याकाळी सगळे येणार. सगळे केक खाणार. आणि झुपी बघणार?

झुपीला राग आला. खूप राग आला. तिनं दातांवर दात घासले.

कर्र.

झुपी थांबली. पुन्हा घासले.

कर्र कर्र.

"अरेच्चा," झुपी म्हणाली. "दात तर मलाही आहेत."

ती उलटी फिरली. गडगड गडगड. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु.

"बगळेभाऊ, पाय हलवू नकोस."

कर्र कर्र, कर्र कर्र. तट्!

झुपीनं दोरा कापला.
बगळ्यानं गोचीड काढली. टुच्च.
म्हशीनं ओंडका ओढला. धडाम.
ओढा वाहू लागला. खळखळ खळखळ.
ओढ्यानं डबा धुतला. छुबुक छुबुक.

डबा चमकला. झुपीनं डबा घेतला आणि पळाली.

गडगड गडगड. तुरुतुरु, तुरुतुरु.

"मावशी, मावशी, डबा धुतला."

साळूमावशीनं डबा उजेडात धरला. बाहेरून बघितला. आतून बघितला. तळ बघितला. कड बघितली.

कडेच्या घडीत एक कण होता. एवढासा कण.

झुपीनं मावशीकडे बघितलं.

त्यानं काय होतंय, ते मावशीला आता माहीत होतं. तिनं पाठीवरचा एक काटा काढला. कण टोकरला. स्वतः ओढ्यावर गेली. सळ सळ सळ. डबा पुन्हा धुतला. हात धुतले. पळी धुतली. ओटा पुसला. मग म्हणाली, "आता."

नाचणी चाळली. फस फस.
गूळ किसला. खिस खिस.
केळं कुस्करलं. पच पच.
सगळं घोटलं. घुटुक घुटुक.
डबा भट्टीत गेला. भट्टी म्हणाली, धग धग.

मावशीनं केकमध्ये काटा टोचला. बाहेर काढला. ओला.

"थांब."

पुन्हा टोचला. बाहेर काढला. कोरडा.

"झाला."

अहाहा. काय तो वास! कोंबडीकाकू दारात आल्या. "कुक कुक, कसं केलंस गं?" मावशी म्हणाली, "विचारून केलं."

संध्याकाळी चिंचेखाली सगळे जमले. कोंबडीकाकू आल्या. म्हैसआक्का आली. बगळेभाऊ आला, दोन पायांवर. ओढा वाहत वाहत झाडाखालून गेला. साळूमावशी सगळ्यात पुढे बसली. आईनंच तिला पुढे बसवलं.

मधोमध केक. तपकिरी, गोल, मऊ मऊ.

आत्याही आली. हातात बिस्किटाचा पुडा.

झुपीनं दोन्ही हात केकवर धरले. "आत्या."

आत्यानं पुडा मागे लपवला. मग केकचा वास घेतला. मग हात पुढे केला. "मला दे ना गं थोडा."

झुपीनं एक कण उचलला. आत्याच्या हातावर ठेवला.

आत्यानं हात डोळ्यांजवळ नेला. "एवढासा कण? त्यानं काय होतंय?"

सगळ्यांनी माना वळवल्या. म्हैसआक्कानं वळवली. बगळेभाऊनं वळवली.

आत्यानं झुपीकडे बघितलं. झुपीनं आत्याकडे बघितलं.

"चुकलं गं माझं," आत्या हळूच म्हणाली. तिनं पुडा उचलला आणि कोंबडीकाकूंना देऊन टाकला.

मग झुपीनं तिला मोठा तुकडा दिला. त्याहून मोठा साळूमावशीला. आणि सगळ्यात मोठा कोणाला? झुपीला.

पहिला घास. दुसरा घास. तिसरा घास.

आईनं झुपीच्या पोटावर हात ठेवला. सगळ्यांनी कान लावले.

ढुम्म?

नाही. पोट मऊ मऊ.

झुपीनं उडी मारली. टुणकन. आणखी एक. टुणकन.

डबा झाला रिकामा, गोष्ट झाली पुरी. ज्यानं ऐकली, त्यानं बोटं चाटावी.