ओला साचा

एका गावात एक ओतारी होता. निंबाजी त्याचं नाव, त्याच्या बायकोचं नाव ठकू. पदरी दोन मुली. दोघं नवराबायको व्यंकोशेटच्या कारखान्यात कामाला जात. तिथं काशाच्या घंटा ओतत. ठकू माती, शेण आणि तूस कालवून साचे घडवी, निंबाजी भट्टी सांभाळी. साचा घडवायचा बाईनं, पण त्यात वितळलेल्या काशाचा रस ओतायची वेळ आली की बाईनं आवाराबाहेर जायचं. रस ओतताना बाई दिसली तर घंटा मुकी निघते म्हणे. अशी मुकी घंटा कुणी पाहिली होती? कुणीच नाही. पण आजा म्हणाला म्हणून बाप म्हणाला, आणि बाप म्हणाला म्हणून लेक.

एकदा राजाच्या देवळाची घंटा कामाला आली. पुनवेच्या आत देतो, असा शब्द व्यंकोशेट देऊन बसला. साचा मोठा, माणसाच्या छातीला लागेल एवढा. चार दिवस शेकायचा, तो दोनच दिवस शेकला. इकडे भट्टीत रस तयार झाला. बाहेर जायच्या आधी ठकूनं कोमट साच्याला गाल लावला. हाताला घट्टे पडलेले, म्हणून ती ओल गालानं पारखायची.

ती म्हणाली, "शेटजी, आत ओल आहे. अजून दोन दिवस शेकू द्या. असाच रस ओतला तर फुटेल."

भात्यावरचा हणमा हसला. "साच्याचा मुका घेऊन झाला असेल तर निघा आता, वहिनी."

सगळेच हसले. शेट म्हणाला, "तुझं काम झालं, ठकू. आता माणसांचं काम आहे."

ठकूनं नवऱ्याकडं पाहिलं. तिचा गाल आजवर कधी चुकला नव्हता, हे निंबाजीला पक्कं ठाऊक. पण चारचौघांत बायकोची बाजू घेतली तर उद्यापासून बाईलवेडा म्हणतील. त्यानं मान खाली घातली.

"घरी जा," तो म्हणाला. "पोरी वाट बघत असतील."

ती गेली. रस ओतला आणि साचा फुटला. हणमा जागच्या जागी गेला. निंबाजी वाचला, पण दोन्ही डोळे गमावून बसला.

दहा दिवसांनी शेट घरी आला. म्हणाला, "निंबाजी, जाता जाता तुझ्या बायकोनं मागं वळून पाहिलं, म्हणून हे झालं. गावासमोर तू एवढं म्हण. भाता ओढायला डोळे लागत नाहीत, तुझी जागा तुला राहील. तिनं मात्र पुन्हा पाय ठेवायचा नाही."

घरात दाणा नव्हता. ठकू चुलीपाशी बसून होती. निंबाजीनं तिच्या दिशेनं तोंड वळवलं.

मग म्हणाला, "साचा ओला होता, शेटजी. तिनं सांगितलं, ते तुम्हाला पटलं नाही. मला पटलं होतं, तरी मी गप्प राहिलो. हणमाच्या आईला मी हेच सांगणार आहे."

शेट उठून गेला. दोघांचंही काम सुटलं. निंबाजी मुलीचा हात धरून हणमाच्या आईकडं गेला, सगळं सांगितलं. तिनं शिव्या दिल्या नाहीत की पाणी विचारलं नाही. नुसतं दार लावून घेतलं.

ठकूनं अंगणात लहानशी भट्टी मांडली. निंबाजी भाता ओढी, ती साचे शेके आणि रसही स्वतःच ओते. गुरांच्या गळ्यातल्या घंटा करायची. पण बाईच्या हातच्या म्हणून गावात कुणी हात लावीना. विकल्या नाहीत की वितळवायच्या, पुन्हा ओतायच्या. अशी तीन वर्षं गेली. कितीदा तरी पोरी पेज पिऊन निजल्या.

चौथ्या वर्षी लांबच्या मुलखातला एक धनगर आला. त्याला गावची समजूत काय माहीत? त्यानं एक घंटा वाजवून पाहिली आणि मेंढ्यांसाठी दहा नेल्या. पुढच्या साली भावांना घेऊन आला. मग बैलवाले आले, गाडीवाले आले. मुली आईच्या हाताखाली तयार झाल्या. निंबाजीचे डोळे काही परत आले नाहीत, पण घरची कणगी भरली, भाकरीवर दूध आलं, दारात दुभती गाय उभी राहिली. त्या घराचे दिवस पालटले, तसे साऱ्या राबणाऱ्यांचे पालटोत.

तात्पर्य: ज्याचे हात कामाला चालतात, त्याचा शब्दही चालावा, आणि खरं ठाऊक असताना लोकांच्या हसण्याला भिऊन जो गप्प बसतो, तोही अन्यायाचा वाटेकरी होतो.