दाजींची गाडी हवा खाते

आमच्या कुरणवाडीत भोळी माणसं पुष्कळ, पण स्वतःची मोटार असलेला भोळा एकच. त्याचं नाव सिद्राम. मोटार जुनी होती. इतकी जुनी, की तिचा मूळचा रंग कोणता यावरून गावात दोन तट होते. सिद्राम स्वतःबद्दल म्हणायचा, "मला अक्कल न्हाई, हे मला ठावं हाय. तेवढीच माझी अक्कल." कुणी काही सांगितलं की तो "बरं" म्हणायचा आणि सांगितलं तेवढंच करायचा.

त्याच्या बायकोचा, शेवंताचा, धाकटा भाऊ धनाजी गाड्यांचा मिस्त्री होता. त्याचं लग्न ठरलं. नवरदेव दाजींच्याच गाडीतून मंडपात जाणार, असं शेवंतानं माहेरी जाहीर करून टाकलं. सासुरवाडीनं आजवर सिद्रामला पाटावर बसवून जेवू घातलं होतं, पण काम म्हणून काही सांगितलं नव्हतं. हा पहिलाच मान. तो हरखून गेला.

धनाजीचा फोन आला. "दाजी, गाडी तेवढी आतनं-बाहीरनं धुऊन काढा."

"बरं."

बाहेरून धुतली. मग बॉनेट उघडून आतून धुवायला घेतली. नळ्या काढल्या, बुचं काढली, हवेची जाळी काढली. सगळं शिकेकाई लावून घासलं आणि शेवंताच्या पापडांशेजारी वाळत घातलं. परत जोडताना एक रबरी नळी उरली. गाडी तिच्याशिवायही सुरू झाली, म्हणजे ती जास्तीचीच असणार. सिद्रामनं ती खिशात टाकली.

चालताना गाडी बरी होती. उभी केली की मात्र थरथरायची, उचक्या द्यायची आणि गप्प व्हायची. लग्न दुसऱ्या दिवशी. धनाजीला हळद लागलेली, आणि हळद लागलेला नवरदेव घराबाहेर पडत नाही. मिस्त्री असून त्याला येता येईना. फोनवरच इलाज सुरू झाला.

"उभ्या गाडीला झटके बसत्यात? मग कुठल्या तरी फटीतनं इंजनात हवा शिरतीया, गाडी हवा खातीया. तिचं हवा खाणं बंद करा, दाजी."

"बरं."

सिद्रामनं गाडीत हवा शोधली. चार चाकांत सापडली. चारही चाकांची सोडून दिली. खायला हवाच नाही म्हटल्यावर गाडी खाणार काय? बघायला जमलेल्या आम्हा चार शहाण्यांनाही ते पटलं. एकानं तर डिकीतल्या पाचव्या चाकाची आठवण करून दिली.

हे ऐकून धनाजीनं तोंडात आलेली शिवी गिळली. दाजीला शिवी देता येत नाही, ही आपल्याकडची मोठी अडचण आहे.

"दाजी, चाकांत हवा परत भरा. हवा काढायची न्हाई. जिथं भोक दिसंल तिथं बूच मारायचं."

"बरं."

चाकं भरली. मग भोक शोधलं. सगळ्यात मोठं भोक मागच्या बाजूला होतं, सायलेन्सरचं. शेवंतानं भाजीला आणलेल्या वांग्यांतलं एक त्यात नेमकं बसलं. गाडी घुसमटली, बंद पडली आणि पुन्हा सुरूच होईना. सिद्रामनं आनंदानं फोन लावला.

"धनाजी, थरथर थांबली बघ!"

"ब्येस झालं. चालू हाय न्हवं?"

"चालू न्हाई. म्हणून तर थरथरत न्हाई."

वांग्याची हकीकत कळल्यावर धनाजीचा आवाज बारीक झाला. "दाजी, हात जोडतो. जिथनं बाहीर पडतं, ते तोंड बंद करायचं नसतं. उघडं ठिवायचं."

"बरं."

सिद्रामनं वांगं उपटलं. मग आणखी कुठून काय बाहेर पडतं ते बघायला तो गाडीखाली शिरला. रेडिएटरच्या बुडाशी पाणी सोडायची चावी होती. तीही उघडून ठेवली. गाडी सुरू करून थोडा वेळ झाला तशा बॉनेटमधून वाफा निघाल्या. आमच्यातला एक म्हणाला, यावर आता तांदूळ टाकायला हरकत नाही.

धनाजी फोनवर ओरडला, "तापली? बंद करा! चावी आवळा, गाडी निवू द्या, मग पाणी भरा. आन् दाजी, जरा डोकं थंड ठिवा वो!"

"बरं."

चावी आवळली. गाडी निवल्यावर पाणी भरलं. मग उरलेली बादली सिद्राम स्वतःच्या डोक्यावर ओतून घेऊ लागला.

शेवंता दारातून बघत होती. तिचे डोळे भरून आले. "अवो, माझ्या माहेरात माझं हसं करू नगा." सिद्रामला फार वाईट वाटलं. इतकं सगळं ऐकूनही आपलं चुकतं कुठं, हे त्याला कळेना.

लग्नाच्या सकाळी शेवंता माहेरच्या वऱ्हाडाबरोबर टेम्पोनं पुढं गेली. धनाजीनं शेवटचा फोन केला. "दाजी, एखादी नळी तर सुटली न्हाई?"

"सुटली न्हाई. एक उरलीया."

"उरलीया? आवो, मग तीच की! कुठं हाय?"

सिद्रामनं खिशातून नळी काढली. "ही काय, हातात."

"आता ती जिथली तिथं बसवा."

"बरं."

नळी हातात होती. हातात येण्याआधी ती खिशात होती. सिद्रामनं ती खिशात नीट बसवली आणि वरून गुंडी लावली.

"बसवली?"

"घट्ट."

"मग?"

"उभी केली की बंदच पडतीया."

धनाजीनं हात टेकले. मुहूर्त जवळ आला होता. "ऱ्हाऊ द्या, दाजी. चालताना बरी चालतीया न्हवं? मग निघा आता. फकस्त मंडपाच्या दारात पोचेस्तवर कुठंबी उभी करू नका. उभी केली की संपलं!"

"बरं."

या खेपेला सिद्रामनं चुकायचं नाही असं ठरवलं. म्हशी आडव्या आल्या, थांबला नाही. रेल्वेचं फाटक पडायला लागलं, थांबला नाही. वाटेत सासुरवाडी लागली. दारात धनाजी मुंडावळ्या बांधून, हातात कट्यार घेऊन उभा होता. त्यानं हात केला. सिद्रामनंही केला. धनाजी गाडीमागं धावू लागला. आरशात ते बघून सिद्रामला मेव्हण्याचं कौतुक वाटलं. लग्नाची केवढी हौस!

मुहूर्ताआधी गाडी मंडपाच्या दारात लागली. सनई वाजू लागली. नवरीची आई ओवाळायचं ताट घेऊन आली. शेवंता सगळ्यांच्या पुढं झाली, तिनं ऐटीत गाडीचं दार उघडलं आणि आत वाकून पाहिलं.

"अवो, धनाजी कुठाय?"

"त्याच्या दारात हाय की. मला हात केला, मी बी केला."

"मग बसवला का न्हाई?"

"त्योच म्हनला, मंडपापातुर कुठं उभी करू नका."

सनई थांबली. भटजींनी घड्याळ बघितलं. नवरीचा बाप मटकन खाली बसला. शेवंता तोंडाला पदर लावून रडायला लागली. बायकोला रडताना बघून सिद्रामनं जागच्या जागी तोडगा काढला.

"रडू नगंस. मुहूर्त अजून टळला न्हाई. नवरीला बसवा गाडीत, मी नेतो तिला धनाजीकडं. फकस्त तिला आधी सांगून ठिवा, त्येच्या दारात गाडी उभी ऱ्हाणार न्हाई. उडी मारायची."