रणधुरंधराची तलवार

ज्या काळी खेळणी टीव्हीत जाऊन लढत, त्या काळची ही गोष्ट. एका कपाटात रणधुरंधर नावाचा प्लास्टिकचा वीर राहायचा. पोरांनी त्याला टीव्हीला जोडलेल्या खेळाच्या चकतीवर उभं केलं, की तो पडद्यावर जिवंत होऊन राक्षस कापत सुटायचा. कपाटात परतला की नुसत्या फुशारक्या!

एका दुपारी उंदीर आला आणि शेजारच्या कापडी बाहुलीचा, चिंगीचा, कान कुरतडू लागला.

"अहो वीर, धावा!" चिंगी ओरडली.

"धावतो की! आधी मला चकतीवर ठेवा, टीव्ही लावा, आणि बटणं दाबायला कुणाला तरी बोलवा."

उंदराला हसू आलं. त्याने वीराच्या तलवारीचंच टोक दातांनी तोडलं. "थू! प्लास्टिकची बादली खाल्ल्यासारखं वाटतंय!" म्हणत तो निघून गेला.

तुटकी तलवार तशीच धरून वीर म्हणाला, "पाहिलंस ना चिंगे? हातसुद्धा उचलावा लागला नाही!"