कळप उधळणारे गुरुजी

एकदा एक शिष्य आपल्या गुरूंवर असा भडकला, की त्याने आकाशपाताळ एक केले असते. पण अँडीज पर्वताच्या माथ्यावरच्या त्या गवताळ माळावर हवा इतकी विरळ, की धड ओरडायलाही दम पुरत नाही.

हे गुरू म्हणजे वन्यजीवांचे वृद्ध अभ्यासक. त्या माळावर व्हिकुन्या नावाचा, उंटाच्या कुळातला पण हरणासारखा चपळ प्राणी राहतो. त्याच्या मऊसूत लोकरीपायी चोरटे शिकारी त्याच्या जिवावर उठलेले. शिष्याला व्हिकुन्याच्या पिलांचे जवळून निरीक्षण करायचे होते. त्यावाचून प्रबंध अडला होता. कळपाला वास ओळखीचा व्हावा म्हणून महिनोन् महिने बिचारा एकच कुबट झगा अंगावर घेऊन, पोटावर सरपटत, रोज जरासा पुढे सरकत असे. ओठ फुटले, नाकातून रक्त आले. अखेर एका सकाळी एक मादी पिलाला घेऊन चरत चरत आली आणि चक्क त्याचा हात हुंगू लागली.

तोच मागे खडकाआड बसलेले गुरुजी उठले आणि जेवणाची थाळी दगडाने बडवत धावत सुटले! कळप उधळला तो थेट टेकडीपलीकडे.

"अहो, काय केलंत हे!" शिष्य कडाडला. "हातातोंडाशी आलेला घास घालवलात! डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

गुरुजी धापा टाकत खाली बसले. "ती तुला बघून का पळाली नाही?"

"विश्वास बसला होता तिचा माझ्यावर!"

"तुझ्यावर नाही रे बाबा, माणसावर. काल संध्याकाळी मी पलीकडच्या घळीत गेलो होतो. आपल्याच कळपातल्या दोघी तिथे सोलून टाकल्यात. पळाल्याची एकही खूण नाही. बंदूकवाला समोर आला आणि त्या उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, तूच आलास."

 शिष्य पुटपुटला, "आणि माझा प्रबंध?"

"दुर्बिणीतून दिसेल तेवढाच लिही. त्यांच्या राखणीला जन्मभर इथे थांबणार आहेस का? नाही ना? मग लळा लावू नये."

शिष्य मनातल्या मनात चरफडला. गुरूंवर, शिकाऱ्यावर, सगळ्यात जास्त स्वतःवर.

दुपारी ती मादी पिलाला घेऊन पुन्हा त्याच्याच दिशेने आली. शिष्य उठला, "हट! चल, हो चालती!" म्हणत त्याने दगड भिरकावला. ती गोंधळून जागीच थबकली.

डोळे पुसून त्याने दुसरा दगड उचलला.